पडदेमामाचा आवाज

अकोला,
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप गोपालदादास,
धाकट्या सुभद्राचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पाहून तू म्हणशील, ह्या पोट्टीले फोन कमी पडला काय. तर हो, कमी पडला. मी इकडून बोलत राहते अन् तिकडून नुसता तुहा श्वास ऐकू येते. मग वहिनी फोन घेते अन् सांगते, ते मान हलवून राहिले. भातकुलीत हललेली मान मले अकोल्यात कशी दिसणार? मोबाईलवर लिहायचं म्हटलं तर तुही बोटं दोन शब्दांत थकतात. अक्षर मात्र तुहं फूलबाजारातल्या पाटीवर होतं तसंच ठळक असेल. म्हणून आजपासून पत्रं. दर पत्राले उत्तर आलं पाहिजे.

वहिनी सांगत होती, घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेलं ते गळ्याले लावून बोलायचं यंत्र तू डब्यात घालून कपाटावर टाकून दिलं. एकदाच लावलं, अन् तो घरघरता आवाज ऐकून करिश्मा रडत तिच्या मायच्या मागं लपली. तेव्हापासून तू डब्याले हात लावला नाही. दादा, पाच वर्षांची आहे ती. नातीनं एकदा भोकाड पसरलं म्हणून आबानं जन्मभर मुकं राहायचं, हा कुठला न्याय? चंदन बाजारात फुलं नेते ते ठीकच, पोरगा कर्ता झाला. पण तू ओट्यावरून खालीही उतरत नाही म्हणे. मले हे बिलकुल पटलेलं नाही, अन् मी ते पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

आता एक खुशखबर. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात सात डिसेंबरच्या रविवारी जुन्या ‘तीन पडदे’वर प्रश्नमंजूषा आहे. हो, तोच आपल्या लहानपणीचा टीव्हीवरचा खेळ. प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की स्पर्धकानं तीन पडद्यांतला एक निवडायचा, अन् मागं जे निघंल ते घरी न्यायचं. सगळ्यात आधी मी नाव दिलं. वाचनालयाच्या आशाबाई म्हणाल्या, तुम्ही तेव्हा इवल्याशा असाल, तुम्हाला काय आठवणार. मी म्हटलं, बाई, मले प्रश्न विचारणाऱ्या पडदेमामाचा आवाजसुद्धा आठवते.

खरंच आठवते रे. सोमवारच्या बाजारासाठी रविवारी संध्याकाळी सगळं घर ओट्यावर हार गुंफत बसायचं. मधात निशिगंधाचा ढीग, फळीवर बाबांनी दर्यापूरहून आणलेला तो जुना टीव्ही, अन् सगळ्यांच्या तोंडावर निळसर उजेड. मायचा नियम होता, बोटं खाली अन् डोळे वर. चित्रावर मुंग्या आल्या की मले वाटायचं, तिकडं कापूस उडून राहिला. अन् त्या कापसातून पडदेमामा बोलायचे. भरदार आवाज, विहिरीतून आल्यासारखा. स्पर्धक गांगरला की म्हणायचे, घाई कायले बाप्पा, पडदा काही पळून नाही राहिला. मी मायच्या मांडीवर अर्धी झोपलेली, बोटांले फुलांचा वास, अन् तो आवाज वरून येत राहायचा. आजही झोप लागत नसली की मी तो आवाज आठवते, अन् मले झोप लागते.

तू बिचारा मात्र दर रविवारी टीव्हीच्या मागं, अँटेनाची तार धरून. गोपालनं तार सोडली की चित्र जाते, असं बाबा सांगायचे. एक भाग तुहा धड पाहून झाला नसेल. पण ऐकलं तर असशील ना. मग एवढं सांग, आशाबाईंशी माहं भांडण झालं आहे. नशिबाचा पडदा, ज्याच्यामागं मोठं बक्षीस निघायचं, तो पहिला होता की तिसरा? त्या म्हणतात पहिला. मी तिसऱ्यावर ठाम आहे.

वहिनीले नमस्कार, करिश्माचा पापा घेजो. लोभ आहे तो तसाच राहू दे. वाढला तर मी नाही म्हणणार नाही.

तुही,
सुभद्रा


भातकुली,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं तुह्या मनकर्णावहिनीले विचारलं, कोर्टाची नोटीस तर नाही ना. हातानं लिहिलेला कागद त्यानं लय दिवसांनी पाहिला असंल.

इकडं सगळे खुशाल. शेवंती यंदा चांगली उतरली. झेंडूले दिवाळीनंतर कोणी विचारून नाही राहिलं, ते दरवर्षीचंच आहे. तुरीले शेंगा धरल्या. चंदन तिकडं आला की धाडतो.

यंत्राचं लिहू नको. ते लावून बोललो की पिठाची गिरणी बोलते असं वाटते. अर्धं आयुष्य मी बाजारात फुलांची बोली पुकारली. माहा आवाज ऐकून गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येत होतं. त्या आवाजाच्या जागी हे? करिश्मा भ्याली, त्यात तिची चूक नाही. मी बी भ्यालो. तिनं पुन्हा तसं रडावं अन् ते माह्यामुळं, हे मले झेपणार नाही. ती अजूनही माह्या मांडीवर बसते, तेवढं मले पुरे आहे.

त्या प्रश्नमंजूषेत तू कायले जातं? प्रेक्षकांत बस, चहा पी, घरी ये. पहिला की तिसरा ते मी नाही सांगू शकत. तूच म्हणतं ना, मी मागं होतो.

महादेवरावांले नमस्कार. काळजी घेजो, अन् आमच्यावर जीव आहे तेवढा राहू देजो.

गोपाल


अकोला,
२२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
सुभद्राचा शि. सा. नमस्कार.

तुहं पत्र मी आमच्या ह्यांले वाचून दाखवलं. महादेवराव म्हणाले, तुझ्या भावाचं पत्र वाचलं की तो समोर बसून रागे भरून राहिला असं वाटते. पाहिलं? आवाज गेला म्हणतं, पण कागदावर तो आहेच.

प्रेक्षकांत मी बसणार नाही. हे रोज जेवताना माही तयारी करून घेतात. मी त्यांले सांगतलं, पडदेमामाले आपल्या भागाची भारी माया होती. मूर्तिजापूरहून अचलपूरले जाणाऱ्या छोट्या गाडीचं नाव काय, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. शकुंतला, हे उत्तर मी मायच्या मांडीवरून ओरडून दिलं होतं. हे म्हणाले, मुंबईच्या कार्यक्रमात मूर्तिजापूरची गाडी कशी आली? मी म्हटलं, कार्यक्रम पाहिलेला मी, की तुमी? हरलेल्या माणसाले पडदेमामा भरताचं वांगं द्यायचे, तेही ह्यांले पटत नाही. मले तर ते काळं गोल वांगं अजून डोळ्यासमोर दिसते.

अन् दादा, ती सुभद्रा आठवते तुले? मले गोवर निघाला होता. डोळे उघडवत नव्हते, ताप मावत नव्हता. मायनं मले गोधडीत गुंडाळून ओट्यावर आणलं, अन् त्याच रविवारी पडदेमामांनी नाव पुकारलं, कुमारी सुभद्रा. माह्याच नावाची पोट्टी. तिनं तिसरा पडदा निवडला अन् मागून सायकल निघाली. माह्या डोळ्यांपुढं सगळं धुकं होतं, पण कानात नुसतं सुभद्रा, सुभद्रा, सुभद्रा. मले वाटलं, मीच सायकलवर बसून निशिगंधाच्या वाफ्यांवरून जाऊन राहिली, चाकं जमिनीले लागतच नाहीत. सकाळी ताप उतरला होता. माय म्हणाली, देवीची कृपा. मी म्हटलं, सायकलची.

परवा दुपारी डोळा लागला तर तोच ओटा दिसला. पांढरे पडदे वाऱ्यावर हलून राहिले, अन् समोरच्या खांबावर बाबांचा दाढीचा आरसा लटकलेला. रविवारी संध्याकाळी तो आरसा तिथं कायले असायचा? बाबा तर सकाळी दाढी करायचे. हे मात्र मले कधीच समजलं नाही.

आता पैज. मी पहिली आली, तर तू कपाटावरून डबा काढायचा अन् करिश्माशी त्या यंत्रातून बोलायचं. एक वाक्य तरी. हरली, तर यंत्राचं नाव काढणार नाही, शप्पथ. बोल, आहे का हिंमत?

वहिनीच्या हातच्या चटणीची वाट पाहून राहिली. माया करजो, रागे भरला तरी चालंल.

तुही,
सुभद्रा


भातकुली,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुभद्रास आशीर्वाद.

पैज मंजूर. मी हरणार नाही, एवढं आधीच लिहून ठेवतो.

तुहं पत्र मी फुरसतीनं वाचलं. गोवराचं तुले एवढं आठवत असंल असं मले वाटलं नव्हतं. तू बरीच खंगली होती तेव्हा. घरात कोणी जेवलं नव्हतं.

एक सांगतो. तिथं तुले कोणी चूक म्हटलं, हसलं, तर मनावर घेऊ नको. त्यांनी पाहिलं ते त्यांचं, तू पाहिलं ते तुहं. तुहं काही कमी होत नाही. हरली तर रडू नको अन् मले शिव्या देऊ नको. दिल्या तर एकदाच दे.

मनकर्णानं जवसाची चटणी बांधली आहे. चंदनजवळ देतो. ओढ आहे तशी राहू दे.

गोपाल


अकोला,
८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
सुभद्राचा नमस्कार, आज जरा वाकून.

हरली. नुसती हरली नाही, शेवटून पहिली आली.

नशिबाचा पडदा मी तिसरा सांगतला, उत्तर निघालं पहिला. हरलेल्याले काय मिळायचं, मी ठणकावून सांगतलं, भरताचं वांगं. सगळं वाचनालय खो खो हसलं. मातीचा गल्ला मिळायचा म्हणे, पैसे साठवायचा. तो गोल अन् आपला टीव्ही काळा-पांढरा, म्हणून चूक झाली असंल, अशी मी मनाची समजूत घातली. मग विचारलं, एका भागात मोठं बक्षीस पोरीनं जिंकलं, तिचं नाव काय. मी हात वर करून उभीच राहिली. सुभद्रा, सायकल, तिसरा पडदा. आशाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला अन् हळूच म्हणाल्या, सुभद्राताई, त्या खेळात लहान मुलं कधी घेतच नव्हते. ती जिंकलेली पोरगी कॉलेजातली होती, अन् नाव दुसरंच होतं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी त्यांनी जुन्या भागाची चित्रफीत लावली. तेच पडदे, तोच चष्मेवाला निवेदक, अगदी तोच. त्यानं तोंड उघडलं अन् आवाज आला, दादा, किरटा, गोडगोड, पुस्तकातल्या भाषेतला. मी शेजारच्या बाईले विचारलं, आवाज काहून बदलला? ती म्हणाली, हाच तर त्यांचा आवाज. मी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं जो आवाज ऐकत मी झोपत आली तो मनात लावला, अन् ऐकत राहिली. अन् मग तो बोली पुकारू लागला. शेवंती घ्या, निशिगंध घ्या.

दादा, तो तुहा आवाज होता. पडदेमामा तू होता.

मी तिथंच रडली. हे पाणी घेऊन धावले. लोकांले वाटलं, बाई हरली म्हणून रडून राहिली.

बाबांनी आणलेल्या त्या टीव्हीले आवाजच नव्हता, हो ना? बाबांले लाज वाटू नये, आमचा हिरमोड होऊ नये, म्हणून तू तार धरायच्या नावानं मागं बसायचा. तुह्याजवळ गोडेतेलाचा रिकामा डबा असायचा. मले वाटायचं तो बसायसाठी आहे. तू त्यात तोंड घालून बोलायचा. अन् खांबावरच्या आरशात तुले चित्र दिसायचं. आरशात सगळं उलटं, म्हणून डावीकडचा पहिला पडदा तुह्यासाठी तिसरा. आमी पोरं तुह्या आवाजावर इतका भरोसा ठेवून होतो की मी आजही ओळ मोजताना उजवीकडून मोजते. घरी आलेले लोक ह्यांले विचारतात, बायको असं काहून मोजते.

अन् गोवरातल्या त्या पोरीचं नाव सुभद्रा तू ठेवलं. सतरा-अठरा वर्षांचा होता तू. मी मरते की काय असं सगळ्यांले वाटत असताना, डब्यात तोंड घालून तू माहं नाव घेत होता.

पैज मी हरली. यंत्राचं नाव काढणार नाही अशी शप्पथ घेतली आहे, ती पाळते. हक्कानं काही सांगत नाही. फक्त एक मागते. तो आवाज तेव्हाही डब्यातूनच येत होता. कोणाच्या गळ्यासारखा तो नव्हताच. आमाले तो गोड लागला, कारण मागं तू होता. करिश्माच्या बाबतीत हे एकदा आठवून पाहा.

तुहा लोभ माह्यावर केव्हापासून आहे ते काल समजलं. असाच असू दे.

तुही,
सुभद्रा


भातकुली,
१५ डिसेंबर २०२५

चि. सौ. सुभद्राताईस मनकर्णाचे आशीर्वाद.

मले पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घेजा. तुमच्या भावानं लिहाले बसवलं. ते स्वतः दोन ओळी लिहितो म्हणतात, बाकी तू लिही, मले होत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. पत्र खिशात घालून शेवंतीत जाऊन बसले. किती महिन्यांनी ओट्याखाली उतरले, म्हणून मी ताट झाकून ठेवलं. काल रविवार. संध्याकाळी आमी सगळे हार गुंफाले बसलो, तर त्यांनी मले खुणेनं जुन्या साड्या मागतल्या. दोरीवर तीन साड्या टांगल्या अन् स्वतः मागं जाऊन बसले. मले वाटलं, ऊन लागून राहिलं असंल. करिश्मा समोर झेंडूची माळ करत होती.

अन् साड्यांमागून तो आवाज आला. करिश्माचा हात थांबला, आता रडते असं वाटलं. चंदन उठून उभा राहिला. तेवढ्यात तो आवाज हळूच म्हणाला, घाई कायले बाप्पा, पडदा काही पळून नाही राहिला. करिश्मानं माह्याकडं पाहून विचारलं, हे कोण आहे. मले काय सुचणार? मी म्हटलं, पडदेमामा आहेत.

मामांनी विचारलं, तुह्या हातात कोणतं फूल आहे. ती भेतभेत म्हणाली, झेंडू. मामा म्हणाले, बरोबर, आता पडदा निवड. तिनं पहिला म्हटलं. तर तिसरी साडी सरकली अन् मागून वांगं निघालं. पोरगी चिडली. पहिला म्हटला तर तिसरा काहून उघडला, म्हणत तरातरा उठली अन् भांडाले साडीमागं गेली. तिथं आबा होते, गळ्याले ते यंत्र लावलेलं, डोळ्यांले पाणी.

ती पाहतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून तिनं आबाले सांगतलं, तुमी त्या बाजूनं बसले म्हणून चुकून राहिले, पुढं या म्हणजे समजंल पहिला कोणता. अन् त्यांचा हात धरून त्यांले पुढं आणलं, माह्याजवळ बसवलं, पुढ्यात झेंडू ठेवले. म्हणाली, तुमी इथं बसून बोला, पडदे मी उघडते. अन् स्वतः मागं गेली. चंदन तोंड फिरवून बसला होता. तुमचे भाऊ बोलत होते अन् ती पडदे उघडत होती. सगळे हार व्हायचे राहिले, सोमवारचा माल उशिरा गेला.

आता ते लिहितात. आमच्या घरची आठवण ठेवा, येत जा.

मनकर्णा

चि. सुभद्रा,
इतक्या वर्षांत खेळ पुढून पहिल्यांदा पाहिला. आशाबाईले सांगजो, त्यांचंच बरोबर. नशिबाचा पडदा पहिला होता.
रविवारी फोन उचलजो. मी बोलीन. एकदम समजलं नाही तर पुन्हा विचार, घाई नाही.
गोपाल